तपासणीच्या खोलीचा आनंद कक्ष

मला राग येतो. आमच्या मेडिकल कॉलेजात हे गेटवरच्या वॉचमनपासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. नवे निवासी डॉक्टर रुजू झाले की जुने त्यांना पहिल्याच दिवशी बजावतात, मॅडमच्या राउंडला चहाचा कप हातात घेऊन यायचं नाही. पण राग येतो म्हणून लेखी पत्र देऊन प्रशिक्षणाला बसवलेली प्राध्यापिका सगळ्या गोंदिया जिल्ह्यात मी एकटीच असेन. पत्र मी फाडून डब्यात टाकलं. तरी त्यातलं 'आपल्या भावनिक स्वास्थ्याच्या हितार्थ' हे काही डोक्यातून जात नाही, आणि आठवलं की कानशिलं तापतात.

भांडण एका खोलीवरून होतं. आमच्या मेडिसिनच्या ओपीडीला दोन खोल्या. पहिली मोठी. तिथं टेबलं, खुर्च्या, डॉक्टर, विद्यार्थी, नातेवाईक आणि दारातून आत रेटणारी रांग. दुसरी तिला लागून, लहान. तिच्यात एक लोखंडी पलंग, एक स्टूल, हिरवा पडदा आणि आतून लागणारी कडी, एवढंच. आधी तिथं मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेले पंखे ठेवलेले असायचे. ते हलवून तिथं पलंग टाकायला मी कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते मलाच ठाऊक.

हा सगळा खटाटोप तापासाठी. आमच्याकडे पावसाळा सरत आला की एक ताप येतो. पुस्तकात त्याला स्क्रब टायफस म्हणतात. गवतातला, शेताच्या धुऱ्यावरच्या झुडपातला एक किडा चावतो, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. चावला त्या जागी बिडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग पडतो. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून ज्याला चावला त्यालाच पत्ता नसतो. आणि या मेल्याला चावायला जागा कुठली सापडते, तर काख, जांघ, छातीखाली, नाहीतर परकराची नाडी आवळते तिथं. डाग दिसला की गोळी लगेच सुरू करायची. गोळी साधीच, सरकारी दवाखान्यात मिळते, आणि माणूस उठून कामाला लागतो. डाग नजरेतून सुटला आणि आठवडा असाच गेला, की फुप्फुसं जातात, मूत्रपिंडं जातात, आणि मग आमच्या हातात फारसं काही राहत नाही.

आमच्याकडे चिखलात वाकलेली असते ती बाई. धानाची रोवणी बायांची, आणि निंदण, म्हणजे तण काढणं, तेही बायांचंच. आता मला सांगा, सौंदडची नाहीतर चोरखमाऱ्याकडची बाई पंधरा-वीस विद्यार्थ्यांसमोर ब्लाउज काढेल का? मी काढीन का? म्हणून माझ्या युनिटमध्ये नियम होता. तापाची बाई आली की आधी पलीकडच्या खोलीत न्यायची, पडदा ओढायचा, कडी लावायची आणि मग काखेपासून पायापर्यंत पाहायचं. पाहिलं नसेल तर कागदावर 'तपासलं' असं लिहायचं नाही. या नियमापायी मी किती पोरांना रडवलं असेल, मोजदाद नाही.

त्या वर्षी माझ्या हाताखाली एक निवासी डॉक्टर होती. कोहमाऱ्याची. वडिलांचं खताबियाण्याचं दुकान, घरची धानाची शेती, त्या घरातली ती पहिलीच डॉक्टर. अंगानं काटकुळी, पण कामाला वाघीण. बायांशी ती त्यांच्याच बोलीत बोलायची. "काऊन वो मावशी, कधीपासून अंग तापून राहिलं?" असं तिनं विचारलं की अंग चोरून बसलेली बाई मोकळी व्हायची, आणि आपल्या पायानं पडद्याआड जायची. त्या खोलीत तिनं शोधलेले डाग माझ्यापेक्षा जास्त असतील. एखादा सापडला की ती पडद्याबाहेर डोकं काढून नुसती मान हलवायची आणि मी गोळी लिहायला घ्यायची.

मग आली सुधारणा. रुग्णसेवेचा दर्जा आणि डॉक्टरांचं स्वास्थ्य, दोन्ही एकदम सुधारायची योजना. योजनेत वाईट काही नव्हतं, हे मी आजही म्हणते. माणसं अर्धा दिवस रांगेत उभी असतात आणि निवासी डॉक्टर उभ्याउभ्या डुलक्या घेतात, हे कुणीतरी पाहायलाच हवं होतं. पण पाहायला जे सल्लागार साहेब मोठ्या शहरातून आले, ते ओपीडीत उभे राहूनही लॅपटॉपमध्येच पाहत राहिले.

पहिली मोजणी त्यांनी उन्हाळ्यात केली. उन्हाळ्यात ज्यांना तलावाचं पाणी आहे ते थोडे उन्हाळी धानात असतात, बाकीच्यांची शेतं रिकामी. लग्नं उरकली की माणसं वर्षभराची साठलेली दुखणी घेऊन दवाखान्याची वाट धरतात. ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. साहेबांनी ती गर्दी टिपून घेतली. मग फरशीवर रंगीत पावलं काढली, भिंतींवर बाण काढले, टोकनचा लाल आकडा दाखवणारा डबा टांगला. आणि दुसरी मोजणी केली ती ऐन रोवणीत.

ज्यांना रोवणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धानाची खाचरं, म्हणजे बांध्या, पाण्यानं भरल्या की रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटायचे आणि चिखलात लावायचे, आणि त्या दिवसांत ज्याचे हातपाय धड आहेत तो प्रत्येक जण शेतात असतो. तेव्हा या जिल्ह्यात कुणी आजारी पडत नाही. म्हणजे पडतात, पण त्याला आजारी पडणं म्हणत नाहीत. अंग तापलं तर दुकानातून एक गोळी घेऊन बांधीत, पोटात दुखलं तर पदर आवळून बांधीत. कोर्टाची तारीख असली तरी माणूस जात नाही, तर दवाखान्यात कुठून येणार? आमच्या कॉलेजातले निम्मे शिपाई आणि लिपिक सुद्धा तेव्हा रजेवर असतात. कुणाच्या घरी रोवणी, कुणाच्या सासरी रोवणी. त्यामुळे साहेबांच्या कानात दोन शब्द घालायलाही कुणी जागेवर नव्हतं.

बैठकीत साहेबांनी भिंतीवर आलेख दाखवला. उन्हाळ्यात रेघ वर, पावसाळ्यात रेघ खाली. पेशंटला थांबावं लागणं जवळजवळ बंद झालं म्हणे. फरशीवरच्या पावलांचा परिणाम. अधिष्ठात्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. अधिष्ठाता माणूस वाईट नव्हे, पण पश्चिमेकडचे. तांदूळ त्यांनी ताटातच पाहिलेला.

मी उठले. म्हटलं, "सर, ही सुधारणा नाही. ही रोवणी आहे."

साहेब हसले. "मॅडम, सीझनचा फरक आम्ही धरलेला आहे."

"कुठं धरलाय? तुम्ही उन्हाळा आणि रोवणी शेजारी ठेवून फरक काढलाय. माझा भाऊ सौंदडला शेती करतो, चला माझ्याबरोबर त्याच्या बांधीत. तुमचे सगळे पेशंट तिथं गुडघाभर चिखलात आहेत. निंदण उरकलं की ते इथं येतील, आणि येताना ताप घेऊन येतील."

"आपण थोडं पॉझिटिव्ह राहू या का?" साहेब म्हणाले, आणि पुढचं चित्र लावलं.

पुढचं चित्र आमच्या ताणाचं होतं. निवासी डॉक्टरांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती आणि त्यात ताण फार निघाला होता. त्यासाठी चाचणी कशाला लागते देव जाणे, त्या पोरांच्या डोळ्यांखाली पाहिलं असतं तरी दिसलं असतं. तर आता उपाय. गर्दी ओसरली म्हणजे ओपीडीला दोन खोल्यांची गरज उरली नाही. तेव्हा लहान खोली डॉक्टरांसाठी मोकळी करायची. तिथं त्यांनी यायचं, शांत बसायचं, श्वास घ्यायचा. नाव आनंद कक्ष.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावर हात आपटला, ग्लास कलंडला. पाणी लॅपटॉपपर्यंत पोचलं नाही, हे माझं दुर्दैव. मी म्हटलं, "डॉक्टरला आनंद हवा असेल तर त्याला झोप द्या. जेवायला वेळ द्या. माझ्या पोरींना मुतायला दोन मजले चढावे लागतात, ओपीडीजवळ एक संडास द्या. आणि बायांना तपासायची खोली काढून घेतलीत तर यातली एखादी मरेल, हे आत्ता सगळ्यांसमोर सांगून ठेवते." कुणी काही बोललं नाही. शेजारचे एक प्राध्यापक माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बसा हो, बीपी वाढेल." बैठक संपली आणि त्याच आठवड्यात ते पत्र आलं. ताणाची लक्षणं माझ्यात सगळ्यात ठळक दिसतात, म्हणून आनंद कक्षाच्या पहिल्या सत्रांसाठी माझं नाव घातलं होतं.

पलंग एक्स-रेच्या मागच्या स्टोअरमध्ये गेला. पडदा कुठं गेला ते कळलं नाही. खोलीत जमिनीवर बसायच्या फुगीर पिशव्या आल्या, बीन बॅग म्हणतात त्यांना. भिंतीवर सूर्योदयाचं चित्र, कोपऱ्यात सुगंधी वाफ सोडणारं यंत्र, आणि दारावर एक शिपाई. खोली उघडायची ओपीडीच्या वेळात. ओपीडी सुटली की कुलूप, किल्ली योजनेच्या समितीकडे.

माझी निवासी डॉक्टर मला म्हणाली, "मॅडम, ड्यूटी संपल्यावर तिथं थोडी पाठ टेकता येईल का?"

"नाही. तेव्हा बंद."

"म्हणजे आम्ही पेशंट पाहत असू तेव्हाच उघडी?"

"हो."

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हसू फुटलं, मेलं काय करणार.

निंदण उरकलं, आणि मी सांगितलं होतं तसं झालं. बाया आल्या, माणसं आली, सगळ्यांची अंगं तापलेली. फरशीवरच्या रंगीत पावलांवर माणसं पाय पसरून बसली. टोकनचा डबा एका आकड्यावर अडकला तो अडकलाच. तपासायला जागा म्हणून आम्ही मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात सलाइनच्या दोन स्टँडना वॉर्डातली चादर बांधली. समितीनं ती काढायला लावली. योजनेची पाहणी व्हायची होती, तिच्या फोटोत ते बरं दिसेना म्हणे. संशयावरून गोळी देता येत नाही का? येते, आणि मी देतही होते. पण सुधारणेतलाच आणखी एक नियम आला होता, अशी औषधं लिहायची तर वरिष्ठाची सही हवी. निवासी डॉक्टरनं एकटीनं लिहिलेली चिठ्ठी औषधाच्या खिडकीवरून परत येत होती. म्हणून मी ओपीडी सोडून कुठं हलत नव्हते.

आणि नेमकं तेव्हा माझं सत्र लागलं. मी नाही म्हटलं. अधिष्ठात्यांनी बोलावून घेतलं, हात जोडले. "मॅडम, पाहणीला बाहेरची माणसं येणार आहेत. एकदा बसा. एक तास. माझ्यासाठी." मी बसले.

पलंग असायचा त्याच जागी माझी पिशवी होती. गोड आवाजाची एक बाई आम्हाला शिकवायला आलेली. "डोळे मिटा. एक शांत तलाव डोळ्यांसमोर आणा." मी चोरखमाऱ्याचा तलाव आणला. पण तलाव आणला की कालवा येतोच, कालव्याचं पाणी बांध्यांत जातं आणि बांध्यांत बाया वाकलेल्या असतात. भिंतीपलीकडून ओपीडीचा गलका येत होता. ती म्हणाली, "बाहेरचे आवाज येऊ द्या, जाऊ द्या. त्यांना धरू नका."

तेवढ्यात दारावर थाप पडली.

शिपाई बाहेरून म्हणाला, "अंदर सेशन चालू है. बाद में आना."

"दो मिनट का काम है भैया. एक लेडीज पेशंट को देखना है बस." माझ्या निवासी डॉक्टरचा आवाज.

"साहब ने मना किया है, मॅडम."

मी उठायला गेले. त्या पिशवीतून माझ्या वयाच्या बाईनं उठणं म्हणजे चिखलातून म्हैस निघण्यासारखं. एक हात जमिनीवर, एक भिंतीवर. गोड आवाजाची बाई म्हणत होती, "मॅडम, मधेच उठलात तर सगळा परिणाम जाईल." मी तिला काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. दार उघडून बाहेर आले तोवर शिपाई एकटाच स्टुलावर बसलेला, आणि आमची पोर पहिल्या खोलीत पुढच्या पेशंटची नाडी धरून होती.

"कुठं आहे ती बाई?"

"गेली मॅडम. चोरखमाऱ्याकडची होती. मी कोपऱ्यात नेलं, तर म्हणाली, नाई बाई, इतं नाई, पोट्टे उभे आहेत. म्हणून त्या खोलीकडे घेऊन आले. दार उघडलं नाही. तिला गाडी गाठायची होती. रक्त काढून घेतलंय, उद्या बोलावलंय."

मी शिपायाला गेटवर पळवला. तो हात हलवत परत आला. बाई निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तापाच्या गोळीनं जरा बरं वाटलं असेल, आणि घरी कामं पडलेली. पुन्हा आली ती ॲम्ब्युलन्समधून, ग्रामीण रुग्णालयानं पाठवलेली, धाप लागलेली, डोळे पिवळे, लघवी बंद. आयसीयूमध्ये नळ्या लावायला अंगावरचे कपडे काढले आणि डाव्या छातीखाली तो डाग. काळा, गोल, कडेनं लाल. सिस्टरनं पाहिला, मी पाहिला, आणि आमच्या पोरीनं पाहिला. तिथं आता पडद्याची गरज कुणालाच नव्हती.

गोळी नव्हे, शिरेतून औषध दिलं. व्हेंटिलेटर लावला, डायलिसिस केलं. ती पोर त्या पलंगाजवळून हलेना. मी तिला घरी जा म्हणून रागावले, तर म्हणाली, "मॅडम, मी गेले आणि काही झालं तर?" बाईचं वय चाळीसच्या आतलं. हाताची बोटं चिखलानं कुजलेली, रोवणी-निंदणात सगळ्यांचीच होतात तशी. नवरा बाहेर जिन्याखाली बसून असायचा, दार उघडलं की उभा राहायचा. बाई वाचली नाही.

मृत्यूची चौकशी बसली. मी माझं म्हणणं सांगितलं. खोली, पडदा, थाप, शिपाई, सही, सगळं. चौकशी समितीनं मान हलवत ऐकून घेतलं. आणि निष्कर्ष काय काढला, तर निवासी डॉक्टरमध्ये संवादकौशल्य कमी पडलं. पेशंटला तपासणीसाठी राजी करण्यात ती अपयशी ठरली. उपाय म्हणून तिनं आनंद कक्षातली सत्रं पूर्ण करावीत. थू असल्या चौकशीवर. ज्या दारावर तिनं थाप मारली, त्याच दाराआड तिला शिकायला पाठवत होते.

तिनं वाद घातला नाही. सही केली आणि ओपीडीत येऊन बसली. पण त्या दिवसापासून ती बायांशी त्यांच्या बोलीत बोलेना. पुस्तकी मराठीत विचारायची, ताप किती दिवसांपासून आहे, थंडी वाजते का. आवाज खाली, मान खाली. बाया "हो बाई, नाही बाई" एवढंच उत्तर द्यायच्या. एकदा मी तिला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी पीजीची सीट सोडायचा विचार करतेय. बाबांना अजून सांगितलं नाही." मला तिच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही.

मी तडक आनंद कक्षात गेले. सत्र चालू होतं, दोन इंटर्न डोळे मिटून बसलेले. म्हटलं, "उठा रे." पिशव्या लाथेनं व्हरांड्यात काढल्या. ते वाफेचं यंत्र उचलून शिपायाच्या मांडीवर ठेवलं. सूर्योदय भिंतीला चिकटवलेला होता, तो निघेना, म्हणून तो तसाच आहे अजून. मग स्टोअरमध्ये गेले आणि पलंगाचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला कोण आलं ते मान वर करून पाहिलं, तर ती. तिनं पलंग उचलला. पडदा म्हणून वॉर्डातली चादर तारेवर टाकली, आणि आतल्या कडीला तेल घातलं.

अधिष्ठाता येऊन दारात उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, आणि मागे फिरले. पाहणी तोवर उरकली होती आणि आमच्या कॉलेजला शाबासकीची ढालही मिळाली होती. सल्लागार साहेब तोच आलेख घेऊन दुसऱ्या कुठल्या कॉलेजात गेले असतील. मला दुसरं पत्र आलं. तेही फाडलं.

थंडी पडू लागली तेव्हा त्या बाईचा नवरा ओपीडीत आला. मृत्यूचा दाखला न्यायला आला होता, पण आधी इकडे वळला. हातात नायलॉनची पिशवी, पायात चप्पल नाही. रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर पुढं झाला आणि निवासी डॉक्टरला म्हणाला, "तुमालेच भेटाले आलो, बाई."

ती उठून उभी राहिली.

त्यानं हात जोडले. "तुमी लय केलं तिच्यासाठी. आमी पाहून राहिलो होतो नं, रात्रंदिवस. तुमी तिले पाहाले गेल्या तं तिनंच नाई म्हनलं. तिले लाज लय. तिचीच चूक झाली, बाई. तुमी मनाले लावून घेऊ नोका."

"तिची चूक नाही," मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडलेच. तो माणूस दचकून दोन पावलं मागं सरकला आणि माझ्याकडे हात जोडून म्हणाला, "चुकलं, मॅडम. माह्यं चुकलं."

हा माणूस कुणाची माफी मागतोय? इतक्या महिन्यांचा माझा राग, आणि तो जाऊन आदळला कुठं, तर याच्यावर. याला ओरडायचा हक्क होता. त्यानं इथं येऊन टेबल उलटं केलं असतं, काचा फोडल्या असत्या, तर मी त्याच्या बाजूनं साक्ष दिली असती. आणि हा बापडा मेलेल्या बायकोच्या वाटचं आणि आमच्याही वाटचं स्वतःच्या अंगावर घेत होता.

मी त्याचा हात धरला आणि त्याला पलीकडच्या खोलीत नेलं. निवासी डॉक्टर मागोमाग आली. दार लोटलं आणि त्याला पलंग दाखवला, चादर दाखवली, कडी दाखवली. म्हटलं, "भाऊ, तुमच्या बायकोची चूक नाही. बायांना तपासायची खोली ही. ती आली तेव्हा हा पलंग इथून उचलून नेला होता. ही डॉक्टर तिला घेऊन या दाराशी आली होती. दार उघडलं नाही. तिच्या छातीखाली किडा चावल्याचा डाग होता, तो दिसला असता तर ती आज घरी असती." हे बोलायची मला परवानगी नव्हती. चौकशीच्या कागदात यातलं एक अक्षर नव्हतं.

तो पलंगाकडे पाहत राहिला. मग चादरीचा काठ बोटांत धरून त्यानं ती थोडी सरकवली, पुन्हा होती तशी केली. डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याकडे वळून, आवाज न चढवता त्यानं विचारलं, "मंग तुमी येवढे डाक्टर लोकं काऊन गप राहिले?"

मी गप्प राहिले नव्हते. मी बैठकीत ओरडले होते, टेबल आपटलं होतं, पत्रं फाडली होती. एखादी मरेल असं सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. हे सगळं खरं होतं, अख्ख्या कॉलेजाला माहीत होतं, आणि त्याला सांगायला गेले तर त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

मग त्यानं हातातली पिशवी सावरली आणि दाखल्याची खिडकी कुठं आहे ते शिपायाला विचारत निघून गेला.